फुगा नाही, गळती नाही

आमच्या घरमालकांच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या. साबणाचं पाणी लावून तपासलेल्या आणि तपासायच्या राहिलेल्या. गॅसचा सिलिंडर आला की तो आणणाऱ्या माणसाला जिन्यात थांबवून, त्याच्या तोंडासमोर, ते सिलिंडरच्या मानेला दाढीच्या ब्रशने फेस फासत. स्कूटरचं टायर, कुकर, गच्चीवरच्या टाकीचा नळ, वरच्या मजल्यावरच्या मुलाने आणलेली फुगवायची गादी, सगळ्यांना एकदा फेस लागायचा. मग कमरेवर हात ठेवून वाट बघायची. फुगा आला तर गळती. आणि नाही आला तर, "फुगा नाही, गळती नाही. विषय संपला."

हा विषय ते जितक्या झटपट संपवत, तितक्या झटपट त्यांनी आयुष्यात दुसरं काही संपवल्याचं मला आठवत नाही.

रावेतला त्यांचं तीन मजली घर होतं. तळमजल्यावर पार्किंग आणि हे नवरा-बायको, वर आम्ही भाडेकरू. मी चाकणच्या एका कंपनीत परचेसला आहे. पिंपरीला वडिलांच्या घरी भावाचं लग्न झाल्यावर जागा पुरेना आणि कंपनीची बस रावेतच्या चौकातून जायची, म्हणून मी तिथे खोली बघायला गेले. त्यांनी आधी आडनाव विचारलं. मी सांगितलं. वडील कुठे होते, विचारलं. फाउंड्रीला, म्हटलं. मग जरा थांबून ते म्हणाले, "आमचं तसं काही नसतं हं." असं म्हणणाऱ्यांचं नेमकं काय नसतं, ते मी लहानपणापासून शोधते आहे, अजून सापडलेलं नाही. त्यावर मी काही बोलायच्या आत त्यांचा पुढचा प्रश्न आला, "हात थरथरत नाही ना मॅडम तुमचा?"

हा प्रश्न कशासाठी होता ते पहिल्याच रविवारी कळलं. सकाळी दार वाजलं. दारात हे गृहस्थ, अंगात बनियन, एका हातात फेसाने भरलेला प्लास्टिकचा मग, दुसऱ्या हातात टॉर्च.

"जरा खाली या. टॉर्च धरायचीय."

खाली पार्किंगमध्ये त्यांची गाडी होती. बदामी रंगाची, पेट्रोलवर चालणारी, माझ्या कॉलेजच्या दिवसांत बऱ्या घरच्या लोकांकडे दिसायची तसली. गाडी दिसायला ठणठणीत होती. तिला रोग एकच. उभी असताना इंजिन एका सुरात चालायचं नाही. घरघर वाढत वाढत जायची, मग एकदम बसायची, आता बंद पडतं की काय असं वाटेपर्यंत खाली यायची आणि पुन्हा वर चढायची. झोपेत घोरणाऱ्या जाड्या माणसासारखं ते चालायचं. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी इंजिन तगून राहावं म्हणून त्याला थोडी थोडी हवा मोजून देणारा एक छोटा व्हॉल्व असतो, त्याला ते आयडल व्हॉल्व म्हणत. त्यांच्या मते सगळी लबाडी त्या व्हॉल्वची होती. ते दर रविवारी तो उघडायचे, टूथब्रशने घासायचे, परत बसवायचे, इंजिन चालू करायचे आणि मग आसपासच्या प्रत्येक पाइपला, प्रत्येक सांध्याला फेस लावून फुग्याची वाट बघायचे. टूथब्रश आमचे. जुने झाले की टाकायचे नाहीत, मालकांकडे जमा करायचे, हा त्या घरातला नियम होता. भाडेकरारात तेवढंच एक लिहायचं राहिलं होतं.

कंपनीत असताना त्यांची सुट्टी गुरुवारची. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुद्दाम रविवार धरला, कारण भाडेकरू रविवारी घरी सापडतात.

त्यांचा हा साबणावरचा विश्वास आला कुठून, ते त्यांनी मला न विचारता, प्रत्येक वेळी नव्याने सांगितलं. भोसरीच्या एका कंपनीत ते मेंटेनन्सला सुपरवायझर होते. तिथे कारखानाभर दाबाच्या हवेच्या लाइनी. या लाइनी कुठे ना कुठे फुसफुसत राहतात, आणि कॉम्प्रेसर उगाच धापा टाकतो. मशिनं बंद असली की हे मग आणि ब्रश घेऊन लाइनीखालून हिंडायचे आणि सगळ्या गळत्या शोधून काढायचे. एकदा म्हणे बाहेरून आलेल्या इंजिनिअरला जी गळती सापडली नाही ती यांना चहा पिता पिता सापडली. या गोष्टीतला इंजिनिअर दर वेळी वेगळ्या देशाचा असायचा. मी होते तोवर तो जर्मन, जपानी आणि एकदा कोरियन झाला. चहा मात्र तोच.

निरोपसमारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. त्यालाही त्यांनी फेस लावला असणार अशी माझी खात्री आहे.

आता यात गोम काय ते सांगते. मला गाड्यांमधलं काही कळत नाही. पण एकदा जेवणाच्या सुट्टीत मी हा रविवारचा सोहळा आमच्या टेस्टिंगमधल्या एका मित्राला सांगितला. तो हातातला घास हातातच धरून हसत सुटला. मग त्याने समजावलं. कंपनीतल्या लाइनीत हवा दाबून भरलेली असते, म्हणून भोक पडलं की ती बाहेर येते आणि साबणाला फुगा धरतो. इंजिन त्याच्या उलट, ते हवा आत ओढतं. त्या वाटेवर रबराला कुठे चीर गेली तर बाहेरची हवा आत शिरते. बाहेर काहीच येत नाही. साबण लावला तर तोसुद्धा आत ओढला जाणार. फुगा येणार कुठून?

"तुझ्या मालकाला म्हणावं, जन्मभर फेस लाव," तो म्हणाला.

मी संध्याकाळी जाऊन हे मालकांना, म्हणजे आमच्या काकांना, सांगितलं. अगदी नम्रपणे सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "तुमचे मित्र किती वर्षं आहेत इंडस्ट्रीत?"

"चार."

"हं," ते म्हणाले. त्या एका 'हं'मध्ये माझ्या मित्राची नोकरी, पदवी आणि बहुतेक जन्मसुद्धा निकालात निघाला. "मॅडम, हवा ती हवा. गळती स्वतःहून सांगते. माणसानं फक्त साबण लावायचा."

गंमत अशी की गाडी त्यांना सांगत होती. व्हॉल्वकडे जाणारा एक बोटभर जाडीचा रबरी पाइप होता. त्याच्या खालच्या अंगाला ब्रश लागला की इंजिन दचकायचं, ठसका लागल्यासारखं करायचं. मी टॉर्च धरून दर रविवारी ते बघायची. काका म्हणायचे, "पाण्यानं सर्दावलं. जुनी गाडी, नाजूक असते." आणि पुढच्या सांध्याकडे वळायचे.

हे एवढ्यावर असतं तर मी त्यांना विसरून गेले असते. रविवारी गाडीशी खेळणारे म्हातारे आपल्याकडे कमी नाहीत. पण ती गाडी त्यांची नव्हती. ती काकूंची होती.

काकूंचं माहेर चाकणच्या पलीकडे. त्यांच्या आईच्या नावावरची जमीन कारखान्यासाठी गेली तेव्हा आईने लेकीचा वाटा लेकीच्या हातात दिला आणि काकूंनी त्यातून गाडी घेतली, स्वतःच्या नावावर. लपवाछपवी काही नव्हती, साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. काकासुद्धा कौतुकाने सांगायचे, "गाडी हिच्या नावावर आहे बरं का. मी फक्त ड्रायव्हर." आणि हसायचे. हा फक्त ड्रायव्हर बायकोला स्टीअरिंगला हात लावू देत नव्हता. गाडी नवी होती तेव्हा म्हणाले, नवी आहे, घासली जाईल. जुनी झाल्यावर म्हणाले, आयडल सेट होऊ दे, मग शिकवतो. काकूंनी दोनदा शिकाऊ लायसन्स काढलं आणि दोन्ही वेळा त्याची मुदत रविवारच्या फेसात वाहून गेली.

काकू मला हे गच्चीवर मिरच्या वाळत घालताना सांगायच्या. त्या अंगाने बारीक, बोलायला कमी, आणि नवऱ्यासमोर तर जवळजवळ मुक्या.

"आईचं डोळं पिकल्यात," एकदा त्या म्हणाल्या. "हितं चिंचवडला दाखवायचंय, आपरेशन करायचंय. भावाला सवड न्हाई. ह्यांना म्हटलं आनूया, तर म्हनत्यात रविवारी जाऊ. आन रविवारी बघतीसच तू काय आसतंय."

"मग कॅब करा ना काकू. मी मोबाइलवरून बोलावून देते."

त्यांनी मिरच्या पसरवायचा हात थांबवला. "तिच्या जमिनीची गाडी हाय, पोरी. ती आजून एकदाबी बसली न्हाई तिच्यात. भाड्याच्या गाडीत आनू व्हय?"

 खाली जाऊन त्या माणसाच्या डोक्यावर तो मग पालथा करावा असं मला फार वाटलं.

तसं मी एकदा काकांना विचारूनही बघितलं, की काकूंच्या आईला कधी आणणार. त्यांना या प्रश्नाचं खरंच आश्चर्य वाटलं. "हिची काही तक्रार आहे का? विचारा तिला." काकू तिथेच लसूण सोलत होत्या. मान वर न करता सोलत राहिल्या. काका माझ्याकडे बघून खुशीत म्हणाले, "बघा. बोलली काही? विषय संपला."

माणसांनाही ते असंच तपासत. बायकोला, भाडेकरूंना, दुबईला गेल्यापासून फोन न करणाऱ्या मुलाला. कोणी काही बोलत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, ही त्यांची पक्की समजूत.

त्यांच्या गाडी चालवण्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. एकदा काकूंच्या आग्रहाखातर मी त्यांच्याबरोबर मोशीला एका लग्नाला गेले होते. काका सिग्नलला गाडी न्यूट्रलला टाकून सारखी घुर्र घुर्र करत राहायचे, कारण पाय काढला की गाडी बंद. शेजारच्या मोटारसायकलवरच्या पोराला वाटलं म्हातारा आपल्याशी रेस लावतोय. तोही घुर्र करायला लागला. काका त्याच्याकडे रागाने बघताना पाय जरा सैल पडला आणि गाडी भर सिग्नलला गप्प झाली. मागे हॉर्नचा गदारोळ. दुसऱ्या कोणी गाडी ढकलून बाजूला घेतली असती. आमचे मालक उतरले, डिकीतून मग काढला, पाण्याची बाटली काढली, मगात पाणी ओतून साबणाची वडी खळबळवली आणि बॉनेट उघडून फेस लावायला लागले. बंद इंजिनाला, भर चौकात, लग्नाचा सफारी घालून.

ट्रॅफिक हवालदार धावत आला. "काका, गाडी धुवायची जागा आहे का ही? जरा लाज धरा राव!"

काका त्याला हवेच्या दाबाबद्दल सांगू लागले. मागच्या सीटवर माझ्या शेजारी काकू पदराचा बोळा तोंडात धरून बसल्या होत्या. मला वाटलं रडतायत. मग त्यांचे खांदे हलताना दिसले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी त्यांना इतकं हसताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

त्या लग्नानंतर काही दिवसांनी, सकाळी मी कंपनीच्या बसमध्ये खिडकीपाशी बसले होते. बस ताथवड्याच्या बाजूला अडली. समोरून ड्रायव्हिंग स्कूलची एक पांढरी छोटी गाडी आली, वर लाल एल लावलेली. स्टीअरिंगला काकू! पाठ ताठ, ओठ घट्ट मिटलेले, पदर कमरेला खोचलेला. आमच्या बसला त्यांनी बाजू दिली आणि पुढे गेल्या. मी सीटवरून उठून उभीच राहिले.

संध्याकाळी गच्चीवर त्यांनी मला बघितलं आणि ओळखलं. "बगितलंस व्हय?"

"काकांना माहीत आहे?"

"त्यांना वाटतंय मी सकाळची देवळात जाते." मग एक मिरची उचलून दुसरीकडे ठेवत म्हणाल्या, "इचारलं आसतं तर सांगितलं आसतं."

मग दसरा आला. दसऱ्याला आमच्या घरी गाड्यांची पूजा नसते. आमचा तो दिवस वेगळा, पांढरी साडी नेसून वंदनेला जायचा. मी साडी नेसून, पर्स घेऊन, पिंपरीला आईकडे निघाले होते. खाली गाडी धुऊन पुसून उभी, झेंडूचा हार, बॉनेट उघडं आणि इंजिन चालू. पूजेच्या वेळी तरी बंद करावं, पण एकदा बंद केलं की परत सुरू होईल याची खात्री कोण देणार?

"मॅडम, बरं झालं आलात," काका म्हणाले. "तुमच्यात पूजा नसते ना? मग मोकळ्याच आहात. जरा टॉर्च धरा. हिची पूजा होईतो एक सांधा बघून घेतो."

माझ्या पांढऱ्या साडीकडे बघून कोणीही असं म्हणालं नसतं. मी टॉर्च घेतली ती केवळ काकूंनी माझ्याकडे बघितलं म्हणून.

काकूंनी इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि उदबत्ती ओवाळायला लागल्या. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. पार्किंगमध्ये वारा नव्हता. हात त्या रबरी पाइपापाशी आला आणि धूर वाकला. वर जायचा सोडून खाली वळला, पाइपाच्या खालच्या अंगाला गेला आणि कुणी घोट घ्यावा तसा आत गेला. मी टॉर्च तिकडे वळवली. काकूंनी हात मागे घेतला, धूर सरळ. पुढे नेला, धूर आत.

मग त्यांनी उदबत्ती डाव्या हातात घेतली, उजव्या हाताचं मधलं बोट पाइपाखाली घातलं आणि तिथे दाबून धरलं.

इंजिन शांत झालं. म्हणजे बंद नाही पडलं. घरघर चढायची थांबली, बसायची थांबली आणि एका सुरात, खालच्या आवाजात चालायला लागली. मी त्या घरात राहायला आल्यापासून तो आवाज ऐकला नव्हता. वरच्या मजल्यावरचा मुलगा जिन्यातून वाकून म्हणाला, "अरे, बंद झाली का गाडी?"

काका फेसाचा मग हातात घेऊन उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसायला हवा होता की नाही? इतक्या वर्षांची व्याधी सापडली होती. पण ते म्हणाले, "हात काढ."

"अवो, हितं चीर हाय. बोटाला लागतीया."

"भाजेल. हात काढ म्हणतो ना."

"भाजत न्हाई. गार हाय. वडून घेतंय."

"अगं, तो पाइप मी तपासलाय. फुगा आलेला नाही. हात काढ."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. बोट काढायला त्यांनी वेळ घेतला, चांगला वेळ घेतला. ते इंजिन एका सुरात चालत राहिलं आणि आम्ही तिघं ते ऐकत राहिलो. मग त्यांनी बोट काढलं आणि इंजिन पुन्हा बोंबलायला लागलं. काकांनी सुटकेचा श्वास सोडला. खरंच सोडला, मी ऐकला.

"व्हॉल्वच गेलाय," ते म्हणाले. "नवीन मागवावा लागेल. तो बसला की मग बघू."

मी टॉर्च त्यांच्या हातात दिली. तोवर त्यांच्याबद्दल मला नुसता कंटाळा होता, त्या दिवसापासून चीड यायला लागली. ज्याला गळती सापडायलाच नको आहे, त्याच्यासाठी रविवारी सकाळी लवकर उठायचं कशाला?

त्याच आठवड्यात काका पेन्शनच्या कामाला पुण्याला गेले असताना काकूंनी मला हाक मारली. मी घरीच होते, अंगात कणकण होती. काकूंच्या हातात तो रबरी पाइप, काढून घेतलेला. आम्ही दोघी रिक्षाने चिंचवडला स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पाइप वाकवला, खालची चीर उघडी पडली, ओठासारखी. त्याने मागच्या फळीवरून तसलाच नवा काढून दिला, दोन क्लिपा दिल्या.

"आनि काय लागंल?" काकूंनी विचारलं.

"काही नाही, मावशी. एवढंच."

काकू दुकानाच्या पायरीवर जरा वेळ उभ्या राहिल्या. "येवढंच," त्या म्हणाल्या. मला नाही, कुणालाच नाही.

घरी येऊन त्यांनी तो बसवला. मी टॉर्च धरली, पहिल्यांदाच राजीखुशीने. गाडी सुरू केली. ती चालू आहे हे कळायला कान द्यावा लागत होता.

पुढच्या रविवारी काकांनी व्हॉल्व उघडला, टूथब्रशने घासला, बसवला, इंजिन सुरू केलं आणि ऐकत उभे राहिले. नवा कोरा काळा पाइप त्यांच्या नाकासमोर चकाकत होता. त्यांनी त्यालाही फेस लावला. मग सगळ्या भाडेकरूंना खाली बोलावलं.

"बघा! शेवटी बसला की नाही? चिकाटी लागते. घासण्यात एक टेक्निक असतं."

काकूंनी सगळ्यांना चहा दिला. मी त्यांच्याकडे बघून डोळे वटारले, त्यांनी मान हलवली. राहू दे.

"आता जायचं न्हवं आईकडं?" त्यांनी विचारलं.

"जाऊ की! पुढच्या रविवारी नक्की."

आणि पुढच्या रविवारी हा माणूस सकाळी बनियनवर मग आणि ब्रश घेऊन खाली हजर. मला टॉर्चसाठी उठवलेलंच होतं. मी विचारलं, आता काय राहिलंय? म्हणाले, "आयडल जरा जास्त वाटतंय. किंचित. व्हॉल्व एकदा उघडून बघतो, मग निघू."

तेवढ्यात काकू आल्या. ठेवणीतली निळी साडी, पायात चपलेऐवजी बूट. गाडीची चावी त्यांच्या हातात होती. त्या ड्रायव्हरच्या बाजूने आत बसल्या, दार लावलं, गाडी सुरू केली. काका बॉनेटसमोर उभे होते. त्यांना वाटलं, आपल्याला इंजिन सुरू करून द्यायला बसली.

"बॉनेट ओढ," ते म्हणाले.

बॉनेटचा खटका आत असतो, स्टीअरिंगच्या खाली. काकूंनी हात खाली नेला नाही. वर नेला, सीटबेल्ट ओढला आणि लावला.

"अगं, बॉनेट ओढ म्हणतो. उघडत नाहीये."

"सरा बाजूला," काकू म्हणाल्या. "आईला आनायला चाललीया. चिंचवडला नंबर लावलाय तिचा."

"तू?"

त्या उत्तराला थांबल्या नाहीत. गाडी हळूच एक हात पुढे आली. काका हातातला मग सांभाळत बाजूला झाले. गेटमधून उजवीकडे वळताना काकूंनी इंडिकेटर दिला, आरशात बघितलं आणि गेल्या. वळणावर त्या थांबल्या, समोरून टँकर येत होता. थांबलेल्या गाडीचा आवाजही आला नाही.

काका रस्त्याकडे बघत होते. "लायसन्स?" त्यांनी मला विचारलं.

"आहे. पक्कं."

"कधी काढलं? मला काहीच बोलली नाही."

"साबण लावला नसेल तुम्ही," मी म्हटलं आणि टॉर्च गेटच्या कठड्यावर ठेवून वर निघून गेले.

इथे मला त्यांची दया आली असं लिहिलं तर ते शोभून दिसेल. पण आली नाही. मी वर जाऊन चहा केला आणि तो मला फार गोड लागला.

दुपारी हॉर्न वाजला म्हणून मी खाली गेले. काका गेटपाशीच होते. गाडी एवढ्या लांबून आल्यावर तपासावी लागेल म्हणून त्यांनी नवा फेस करून ठेवला होता. गाडी आत आली, आपल्या जागेवर सरळ उभी राहिली. पुढच्या सीटवर काकूंच्या आई होत्या. नऊवारी, कपाळावर हिरवं गोंदण, डोळ्यांवर पांढुरका पडदा. दोन्ही हात त्यांनी समोरच्या डॅशबोर्डवर टेकले होते आणि त्यावरून तळवे फिरवत होत्या, शेताच्या बांधावर बसून माती चाचपावी तशा.

काका पुढे झाले. अंगात बनियन, एका हातात मग, एका हातात ब्रश. म्हातारीने काचेतून डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघितलं. जावयाला त्यांनी बघितलं होतं ते कधी, कुणास ठाऊक. मग त्या लेकीकडे वळल्या.

"गाडी धुनारा लावलायस व्हय गं?"

काकूंनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. ते पुन्हा सुरू होईल का, याची आता कुणाला काळजी नव्हती. त्यांनी चावी काढून कमरेला खोचली, नवऱ्याकडे नीट बघितलं आणि आईचा सीटबेल्ट सोडवायला वाकल्या.

"व्हय आई," त्या म्हणाल्या. "रविवारचा येतो."

काकांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. फेसाचा मग हातात धरून ते तसेच उभे राहिले. मी जिन्याच्या पायरीवरून त्यांच्याकडे बघत होते, बराच वेळ. फुगा आला नाही.